झाडणीची टाकी

अभिमन आबाच्या नाकाला बाळंतशेपाचा वास येत नसे, आणि ही गोष्ट तो स्वतःच हसत हसत चारचौघांत सांगायचा. अमळनेरहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्याचं घर, आणि घरामागे तेलाची भट्टी. माघ-फाल्गुनात शेपा निघाला की आजूबाजूच्या गावांतून पोती यायची. दाणा चक्कीत भरडायचा, उभ्या लोखंडी टाकीत जाळीवर पसरायचा, झाकण आवळायचं आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर बॉयलर तापवून खालून वाफ सोडायची. ती वाफ दाण्यातलं तेल सोबत घेऊन नळीतून निघायची, गार पाण्याच्या हौदातून फिरताना निवायची, आणि शेवटी स्टीलच्या भांड्यात पाणी वेगळं, तेल वेगळं. इतक्या वर्षांच्या त्या वासानं नाक थकलं बिचारं. पण लोकांची नाकं शाबूत होती ना! आबा एसटीत शेजारी बसला की बाया विचारायच्या, कोणाकडे बाळंतपण आहे का हो आबा?

विचारणारच. तो वास आमच्या खानदेशात दुसऱ्या कशाचा नसतो. व्यापारी त्याला सुवा म्हणोत, कंपनीवाले आणखी काही म्हणोत, बाईमाणसाच्या लेखी तो बाळंतशेपाच. बाळंतिणीनं जेवण झालं की तो भाजून चावायचा म्हणजे दूध उतरतं, आणि बाजेखाली निखाऱ्यावर टाकून त्याची धुरी घ्यायची म्हणजे अंग सुटत नाही. आबाच्या भट्टीचं तेल मात्र धुळ्याच्या व्यापाऱ्यामार्फत औषधाच्या कारखान्यात जायचं. लहान मुलांना पोटदुखीवर देतात ना ते गोड औषध, त्यात. मग काय, आबा छाती फुगवून सांगायचा की बठ्ठ्या, म्हणजे साऱ्या, मुलखाची लेकरं रात्री माझ्या तेलावर झोपतात. त्याची लेक सारिका लहान असताना हे ऐकून शाळेत सांगून आली होती, आणि मास्तर हसले म्हणून घरी येऊन रडलीही होती.

हीच सारिका लग्न होऊन दीपनगरला गेली. जावई कुंदन तिथल्या वीज केंद्रात कामाला, सालस पोरगा, बोलणं कमी. सगळं छान होतं, फक्त पाळणा हलत नव्हता. वर्षामागून वर्षं गेली. देव झाले, डॉक्टर झाले, लोकांचे टोमणेही झाले. टोमणे मारणाऱ्यांना काय कामधंदा असतो का? दर हंगामात सारिकाची आई, कोकिळा, पहिल्या पोत्यातला शेरभर शेपा काढून पांढऱ्या फडक्यात बांधायची आणि मधल्या खोलीच्या खुंटीला टांगायची. लेकीच्या बाळंतपणाचा. पुढच्या हंगामापर्यंत तो तसाच राहायचा. मग आबा मुकाट्यानं ती पोटली काढून झाडणीच्या टाकीत ओतायचा, आणि कोकिळा नवी बांधायची.

झाडणीची टाकी म्हणजे हंगामातली शेवटची टाकी. पोती झाडायची, चक्कीखालचं सांडलेलं गोळा करायचं, नमुन्याच्या पुड्या, कोपऱ्याकोपऱ्यातले उरलेसुरले दाणे, सगळं एकत्र करून एकदाच वाफेला लावायचं. भट्टीवाल्याच्या घरात शेपा उकिरड्यावर जात नाही. आबाच्या बापानं घालून दिलेली रीत होती ती, आणि आबाच्या हाताला ती इतकी भिनली होती की जे नकोसं झालं ते टाकीत, हे त्याला वेगळं ठरवावं लागत नसे.

आणि यंदा एकदाचं देवानं ऐकलं. सातवा लागला तशी सारिका माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरचं. कोकिळाच्या अंगात वारं शिरलं होतं. झबली शिवली, टोपडी शिवली, जुन्या मऊ लुगड्यांच्या गोधड्या झाल्या. शेपा बांधायची वेळ आली तेव्हा सारिका म्हणाली की यंदा तू हात लावू नको माय, माझा शेपा मीच निवडते. आणि मग ती रोज दुपारी ओट्यावर सूप घेऊन बसायची. एकेक काडी, एकेक खडा बाजूला. इतका निवडायची की कोकिळा चिडवायची, अगं बाळंतशेपा आहे का मोती? पण सारिकाचं ध्यान तिकडे नसायचंच. ती निवडता निवडता पोटातल्या जिवाशी बोलत असायची. आजोबाचा वास येईल हं तुला, घाबरू नको, असलं काहीबाही. पोटातून लाथ बसली की सूप थरथरायचं आणि ती हसायची. आबा भट्टीच्या दारातून हे बघायचा आणि जाळात पऱ्हाट्या सारायला विसरायचा. एवढं सुख त्या घरानं कधी पाहिलं नव्हतं, खरंच सांगतो.

नववा सरत आला तेव्हा एका सकाळी सारिका म्हणाली की आज पोटात हालचाल नाही. तालुक्याच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीण बाईंनी मशीन लावलं, पुन्हा लावलं, मग मशीन बाजूला ठेवून सारिकाचा हात हातात घेतला. कोणाची चूक नव्हती. असं होतं कधीकधी, का होतं ते आम्हालाही सांगता येत नाही, असं त्या बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. तरी बाळंतपण टळत नाही. कळा आल्या, सगळ्या बायकांना येतात तशाच आल्या, आणि सारिकानं त्या सोसल्या. मुलगी होती. डोक्यावर दाट जावळ होतं. कुंदन आणि आबानं तिला नाल्याकाठच्या निंबाखाली ठेवलं, आणि दोघं एकमेकांकडे न बघता परत आले.

आता घरी लेकीला आणायची होती. तिच्या नजरेला काय काय पडेल! तो दवाखान्यातून पुढे निघून आला आणि मधल्या खोलीतलं एकेक उचलू लागला. झबली-टोपडी, गोधड्या, काजळाची डबी, सगळं गाठोड्यात बांधून शेजारच्या ताईबाईकडे दिलं. पाळणा माळ्यावर टाकला. राहिली खुंटीवरची, सारिकानं निवडलेल्या शेपाची पोटली. ती काही ताईबाई घेईना. अशा बाळंतपणाचा शेपा मी घरात ठेवत नाही, म्हणाली. उकिरड्यावर टाकायला जीव होईना, गुरांना घालवेना. आणि भट्टीवर झाडणीची टाकी भरायची चालली होती. आबानं पोटली सोडली, दाणा चक्कीत भरडला, टाकीत ओतला, झाकण आवळलं. दरवर्षी करायचा तसंच केलं. फडकं धुऊन वाळत घातलं. तेव्हा त्याला वाटलं, आपण पोरीच्या डोळ्यांपुढून एक काटा काढला.

सारिका आली. रडली नाही. दवाखान्यातही रडली नव्हती. कुंदन तिला पोचवून दीपनगरला कामावर परतला. ती भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडून राहिली. दूध मात्र आलं. त्या दुधाला कोण सांगणार होतं? कोकिळानं जुन्या लुगड्याची पट्टी करून तिची छाती घट्ट बांधली आणि स्वयंपाकघरात जाऊन पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. ना धुरी, ना शेक, ना मालीश. ताईबाई म्हणजे गावातल्या बाळंतिणींचं सगळं करणारी म्हातारी, पण तिनंही हात आखडला. रिकाम्या ओटीनं आलेलीला कसली धुरी, म्हणाली. आणि शेपा तर अजिबात नको, त्यानं दूध वाढेल. कोकिळालाही ते पटलं. पटलं म्हणजे काय, तिच्यात धुरी करायचं बळच नव्हतं. गावातल्या बाया भेटायला येत होत्या आणि जिला बाळंतीण म्हणायचं तिला आजारी म्हणून जात होत्या. मुलगा होता की मुलगी, एवढंसुद्धा कोणी विचारलं नाही.

पाचवीचा दिवस आला. एरवी या दिवशी सटवाईची पूजा, पाट्यावर पानसुपारी, दारात बायकांची ये-जा. आज घरात भांडं वाजत नव्हतं. दुपारी आबा जेवून उठत होता तेव्हा सारिका भिंतीकडून वळली आणि दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा धड बोलली.

"आबा, मना शेपा कोठे शे?"

कोकिळा आतून धावत आली आणि लेकीला समजावू लागली की बाई, आता शेपा कशाला, त्यानं उलट त्रास होईल तुला. सारिका खुंटीकडे बघत होती. ती म्हणाली, खायला नको मला, धुरी द्या. अंग थरथरतंय माझं, पाठ फुटतेय, कोणी शेकायला का येत नाही? मग आईकडे बघून तिनं विचारलं, "माय, मी बाळंतीन नही का?"

आबा एवढंच म्हणाला की आणतो, भट्टीवर ठेवलाय. आणि चपला न घालताच मागल्या दारानं गेला.

भट्टी थंड होती. झाडणीच्या टाकीचं तेल केव्हाच निघालं होतं, चोथा उन्हात पसरला होता. त्यात काय सापडणार होतं! आबा त्या चोथ्यापुढे उकिडवा बसला आणि त्यानं मूठ भरून नाकाला लावली, काही कळतं का बघायला. त्याला कसला वास येणार? मग त्याला एक बुद्धी सुचली, आणि वेळ आली की माणसाला नेमकी वाईटच बुद्धी सुचते. पोतं आणलेल्या शेतकऱ्याला परत द्यायचा म्हणून एका पोत्यात थोडा चांगला शेपा शिल्लक होता. त्यानं तो त्याच पांढऱ्या फडक्यात बांधला. गाठही तशीच मारली, कोकिळा मारायची तशी दुहेरी. शेपा तो शेपा, धुरीला काय फरक पडतो, असं स्वतःला समजावत तो घरात आला आणि पोटली लेकीच्या हातात दिली.

सारिका उठून बसली. तिनं सूप मागितलं. गाठ सोडून दाणा सुपात ओतला आणि त्यावरून हात फिरवला. एक काडी निघाली. तिनं ती बाजूला ठेवली. मग एक खडा, मग आणखी एक काडी. तिचा हात थांबला.

"हाऊ मी निवडेल नही," ती म्हणाली. हा तिच्या हातानं निवडलेला शेपा नव्हता.

आबाला वाटलं भुई दुभंगावी. उंबरठ्याशी उभं राहून, लेकीकडे न बघता त्यानं सगळं सांगितलं. तुझ्या डोळ्यांपुढे नको म्हणून काढला. टाकायला जीव झाला नाही. झाडणीच्या टाकीत घातला. कोकिळा हे पहिल्यांदाच ऐकत होती. ती आयुष्यात कधी नवऱ्यावर ओरडली नव्हती, पण त्या दिवशी ओरडली. म्हणाली की अहो, एवढं एकच काम केलं होतं तिनं त्या लेकराबरोबर बसून, आणि तुम्ही ते वाफेवर लावलंत! आबा मान खाली घालून ऐकत राहिला. तो चुकला होता, आणि चूक मायेपोटी झाली म्हणून ती लहान होत नाही. त्याला ते कळत होतं.

सारिका मात्र ओरडली नाही. ती बाजेवरून उतरली आणि भिंतीला धरत दाराकडे निघाली. भट्टीवर जायचंय, म्हणाली, मला बघायचंय. इतक्यात दारातून ताईबाई आत येत होती. म्हातारीनं पोरीला तशी येताना पाहिलं आणि दोन्ही हात चौकटीला लावून तिची वाट अडवली.

"ओ माय, बाळंतीन कधी उंबरठा वलांडस का?"

बोलून गेली आणि मग तिचं तिलाच कळलं. कोकिळा जागच्या जागी थांबली. आबानं मान वर केली. सारिकाला हा शब्द दुसऱ्या कोणी आज पहिल्यांदा लावला होता, आणि तोही जिनं धुरीला नाही म्हटलं तिच्या तोंडून. साऱ्या गावाची बाळंतपणं केलेली ती म्हातारी, तिच्या जिभेला सवयीनं खरं तेच आलं.

सारिका तिच्याकडे बघत राहिली. मग मागे फिरली, हळूहळू बाजेपाशी गेली, आडवी झाली. "मंग माले धुरी द्या," एवढंच म्हणाली.

ताईबाईनं पदर खोचला. तिनं शेगडीत निखारे भरले, बाजेखाली सरकवले, आणि सुपातला शेपा मूठभर घेऊन वर टाकला. ओवा टाकला, लसणाची सालं टाकली. कोकिळा लेकीचे पाय चेपायला बसली. पुरुषमाणसाला त्या खोलीत काम नाही, म्हणून आबा ओट्यावर खिडकीखाली येऊन बसला. धूर खिडकीतून बाहेर येत होता, डोळ्यांना झोंबत होता, पण वास म्हणाल तर काही नाही. लहानपणी सारिका त्याच्या कुशीत शिरून नाक दाबायची आणि म्हणायची की आबा, तुमचा वास येतो. ते त्याला आठवलं. आणि मग आतून रडण्याचा आवाज आला. हुंदका नाही, मोठ्यानं, गळा काढून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सारिका रडत होती. ताईबाई तिला म्हणत होती की रड माय, रड.

दुसऱ्या दिवशीही सकाळी धुरी झाली. त्याच वेळी धुळ्याहून व्यापाऱ्याचा टेम्पो आला. हंगामाचं शेवटचं तेल न्यायचं होतं. आबानं झाडणीच्या टाकीचं तेल एका लहान कॅनमध्ये वेगळं काढून बॉयलरमागे दडवलं होतं. ते द्यायचं नाही, असं त्यानं रात्रीच ठरवलं होतं. सारिकासाठी ठेवायचं. तिनं ठेवून काय करायचं, ते त्याला ठाऊक नव्हतं. बाकीचे कॅन दारात आणून ठेवताना खिडकीतून सारिकाचा आवाज आला. ती विचारत होती की माझ्या शेपाचं तेल निघालं का आबा, आणि ते कुठे आहे.

आबानं खिडकीजवळ जाऊन सांगितलं, निघालं. तुझ्यासाठी ठेवलंय.

मग तिनं विचारलं, ते लेकरांच्याच औषधात जातं ना अजून? आयुष्यभर एसटीत, बाजारात, सोयऱ्याधायऱ्यांत छाती फुगवून जे सांगितलं, तेच आबाला आता सांगता येईना. त्यानं नुसतं हूं केलं.

"मंग ते बी दी टाका, आबा," सारिका म्हणाली. "मनं दूध वाया गयं. शेपा तरी कोना लेकरूले लागो."

आबा बॉयलरमागे गेला. मग तो लहान कॅन दोन्ही हातांनी उचलून टेम्पोशी आला. टेम्पोवाला वना दरसालचा ओळखीचा माणूस, तोंडाचा बोलघेवडा. फळीवर उभं राहून तो म्हणाला, फेका आबा, मी झेलतो. आबानं फेकला नाही. तो स्वतः टेम्पोत चढला, कोपऱ्यात जागा केली, कॅन उभा ठेवला आणि रस्त्यात कलंडू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना रिकामी पोती घडी करून खोचली. वनाला त्याची गंमत वाटली. मग त्यानं घराच्या खिडकीकडे पाहिलं, धूर दिसला, नाक वर करून त्यानं वास घेतला आणि त्याचा चेहरा खुलला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

"घरमा बाळंतीन शे का, आबा?"

आबानं पोत्याची घडी नीट केली. "शे," तो म्हणाला. "मनी सारिका."

"मंग? काय व्हयनं?"

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. आबाच्या डोळ्यांपुढे ते दाट जावळ आलं, नाल्याकाठचा निंब आला. त्यानं कॅनवर हात ठेवला.

"नात व्हयनी," तो म्हणाला. आणि वना पेढ्यांचं नाव काढायच्या आत त्यानं पुढचं सांगितलं, "ऱ्हायनी नही."

वनानं तोंडातली काडी काढून टाकली. आबा खाली उतरला, आणि टेम्पो हळूच, खड्डे चुकवत, धुळ्याच्या रस्त्याला लागला.